स्वमग्न तरुणाची मिशन-सेवेची तयारी आणि पालकाचे कार्य

१. विषयाची मर्यादा

एखाद्या धर्मसंप्रदायात तरुणाने प्रौढत्वात प्रवेश केला हे कशावरून मानले जाते, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एखाद्या विधीत किंवा ठरावीक मुदतीच्या सेवेत सापडते. अमेरिकेतील यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटी येथे मुख्यालय असलेल्या 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या संप्रदायात हे स्थान तरुणांच्या मिशन-सेवेला आहे. १८३० साली जोसेफ स्मिथ यांनी स्थापिलेल्या या संप्रदायाचे अनुयायी लोकव्यवहारात 'मॉर्मन' या नावाने ओळखले जातात. या सेवेसाठी घर सोडण्याची तयारी करणारा तरुण स्वमग्न असेल, तर त्याच्या आईवडिलांच्या वाट्यास नेमके कोणते कार्य येते, हे स्पष्ट करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. संप्रदायाच्या मतांची सत्यासत्यता हा येथे विचाराचा विषय नाही.

'मिशनरी' हा शब्द मराठी वाचकास एका वेगळ्या संदर्भात परिचित आहे. १८१३ साली मुंबईस आलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशनचा इतिहास सुरू होतो. ही मंडळी धर्मशास्त्राचे रीतसर शिक्षण घेऊन, परदेशात दीर्घकाळ राहण्याच्या निश्चयाने निघालेली होती. हॉल यांचा अंतही १८२६ साली महाराष्ट्रातच झाला. यूटामधील तरुण मिशनरी या अर्थाने धर्मोपदेशक नव्हे. त्याने धर्मशास्त्राची पदवी घेतलेली नसते. त्याचा सेवाकाल चोवीस महिन्यांचा असतो. त्या काळाचा खर्च तो स्वतः, त्याचे कुटुंब किंवा त्याची स्थानिक मंडळी सोसते. आणि सेवा संपल्यावर तो महाविद्यालय, नोकरी व विवाह या सामान्य मार्गास लागतो. २०१२ साली तरुणांसाठी किमान वय एकोणिसावरून अठरावर आणण्यात आले. २०२४ च्या अखेरीस असे सत्तर हजारांहून अधिक मिशनरी जगभर कार्यरत होते. आईवडील, मामा, थोरला भाऊ या सर्वांनी ही सेवा केलेली असणे अनेक कुटुंबांत सामान्य गोष्ट आहे. निघण्यापूर्वी मंडळीसमोर करावयाचे भाषण आणि परतल्यावर करावयाचे भाषण ही त्या जीवनातील मानाची स्थाने होत. ज्या मुलास ती मिळत नाहीत त्याची उणीव सर्वांच्या नजरेत येते, आणि पालकाच्या चिंतेचा एक भाग येथूनच उगम पावतो.

२. सेवेची घडण

मिशन-सेवेचे बाह्य स्वरूप अत्यंत नियमबद्ध आहे. उमेदवार अर्ज करतो. त्यात वैद्यकीय तपासणीचा आणि मानसिक स्वास्थ्याचा तपशील द्यावा लागतो. स्थानिक बिशप आणि त्यावरील 'स्टेक'चा अध्यक्ष त्याची मुलाखत घेतात. हे दोघेही वेतन न घेणारे, अन्यत्र व्यवसाय करणारे गृहस्थ असतात. नेमणूक मुख्यालयातून होते व कोणत्या प्रदेशात जावयाचे हे उमेदवार स्वतः निवडत नाही. तेथे पोहोचल्यावर त्याचे पहिले नाव बाजूस पडते आणि तो 'एल्डर' या उपाधीपुढे आडनाव लावून ओळखला जातो. तो एकटा कधीच नसतो. त्याला एक समवयस्क सहप्रचारक नेमून दिला जातो. दोघांनी एकाच खोलीत निजावयाचे आणि दिवसभर एकमेकांच्या नजरेच्या व हाकेच्या टप्प्यात राहावयाचे असा नियम आहे. साधारणतः सहा आठवड्यांच्या अंतराने बदल्यांचा विचार होतो, आणि तेव्हा सहप्रचारक, घर किंवा गाव यांपैकी काहीही बदलू शकते.

या घडणीत गेल्या काही दशकांत झालेले फेरफार प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. १९६१ साली मिशनरींसाठी एकसूत्री पाठ तयार करण्यात आले व ते मुखोद्गत करून ऐकविण्याची पद्धत रूढ झाली. २००४ साली 'प्रीच माय गॉस्पेल' ही मार्गदर्शिका आली, तेव्हा पाठांतर मागे पडले आणि श्रोत्याची गरज ओळखून स्वतःच्या शब्दांत शिकवावे अशी अपेक्षा पुढे आली. सकाळी साडेसहास उठणे व रात्री साडेदहास निजणे हा सर्वांना सारखा असलेला दिनक्रम २०१७ साली शिथिल करून स्थानिक परिस्थितीप्रमाणे ठरविण्याची मुभा देण्यात आली. सर्वसाधारण तरुणाला हे दोन्ही बदल सुखावह वाटले असतील. परंतु ज्याला तयार वाक्ये आणि अचल वेळापत्रक हाच आधार वाटतो, त्याच्या दृष्टीने या सुधारणांनी काम अधिक अवघड केले, हे लक्षात घेतले पाहिजे.

३. स्वमग्नता आणि पालकावरील आरोप

'स्वमग्नता' ही संज्ञा ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी योजिलेल्या मूळ शब्दाचा अर्थानुवाद आहे. ब्लॉयलर यांच्यापुढे अन्य मनोविकाराचे प्रौढ रुग्ण होते. बालविकासातील एक स्वतंत्र अवस्था म्हणून तिचे वर्णन ग्रून्या सुखारेवा यांनी १९२५ साली, लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणावरून, आणि हान्स आस्पेर्गर यांनी १९४४ साली केले. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत निरनिराळे पोटप्रकार एकत्र करण्यात आले. सामाजिक आदानप्रदानातील वेगळेपण, एकाच गोष्टीची पुनरावृत्ती व तीव्र आवड, आणि इंद्रियसंवेदनांची अतितीव्र किंवा अतिमंद जाणीव ही तिची लक्षणे होत. 'स्वतःत मग्न' असा जो अर्थ मराठी शब्दातून ध्वनित होतो तो मात्र दिशाभूल करणारा आहे. पुष्कळ स्वमग्न तरुणांना माणसांचा सहवास हवा असतो. तो मिळविण्याची रूढ रीत त्यांना साधत नाही, एवढेच.

पालकाच्या भूमिकेचा इतिहास याहून कष्टप्रद आहे. मातेच्या थंड वागणुकीमुळे मूल स्वमग्न होते असा समज कित्येक वर्षे प्रचलित होता आणि ब्रूनो बेट्टलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने त्यास मोठी प्रसिद्धी दिली. तथापि त्यापूर्वीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड यांनी हा विकार जैविक असल्याचे प्रतिपादन केले होते. रिमलँड स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. १९७७ साली सुसान फोल्स्टीन व मायकेल रटर यांच्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा वाटा दाखवून दिला. आरोपी म्हणून उभा केलेला पालक अशा रीतीने सहकारी ठरला, आणि १९७५ च्या अमेरिकन शिक्षणविषयक कायद्याने त्यास मुलाच्या शिक्षण-आराखड्यात बोलण्याचा हक्कही दिला. १९९० च्या दुरुस्तीने त्या कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख आला.

हा हक्क कायमचा नाही. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने ते प्रौढ ठरते. शालेय साहाय्य शालान्त शिक्षणासोबत किंवा विशीच्या आरंभी संपते. मिशन-सेवेचे आवाहन नेमके याच वेळी येते. पंधरा-सोळा वर्षे शिक्षक, वैद्य व नातेवाईक यांच्यापुढे मुलाच्या वतीने बोलण्याची सवय झालेल्या पालकास एकाएकी गप्प राहावे लागते, आणि ज्याने स्वतःविषयी क्वचितच बोलले आहे त्या तरुणास बोलावे लागते.

४. जुळणारे आणि न जुळणारे

स्वमग्न तरुणास मिशन-सेवा सर्वस्वी प्रतिकूल आहे असे मानणे चुकीचे ठरेल. वेश ठरलेला, भूमिका ठरलेली, दाराशी उभे राहून स्वतःची ओळख कशी करून द्यावयाची तेही बहुतांशी ठरलेले. समवयस्कांच्या मेळाव्यात हेतूविना गप्पा मारणे ज्यास असह्य होते, त्यास हेतू ठरलेले संभाषण सोपे जाऊ शकते. धर्मग्रंथाचे बारकाईने वाचन, वंशावळींच्या नोंदी, नवी भाषा शिकणे यांत अशा तरुणाची एकाग्रता हे बळ ठरते. नियमाविषयीची निष्ठा तर त्या जीवनात गुणच मानली जाते.

अडचण नियमांच्या मधल्या जागांत आहे. अपरिचित घरी वाढलेले अपरिचित अन्न, गळ्याशी घट्ट बसणारा टाय, खोलीतील दुसऱ्या माणसाच्या श्वासाचा आवाज, दिवसभरात एकांत नसणे, आणि बदलीच्या बातमीची टांगती अनिश्चितता यांपैकी प्रत्येक गोष्ट लहान आहे. त्यांची बेरीज मात्र दोन-तीन महिन्यांत माणसास निकामी करू शकते. सर्वांत कठीण प्रश्न सहप्रचारकाचा. तोही अठरा-एकोणीस वर्षांचा, घरापासून दुरावलेला आणि स्वतःच्या चिंतेत असलेला मुलगा असतो. डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडलेला 'दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न' येथे उपयोगी पडतो. स्वमग्न व्यक्तीस इतरांचे मन उमगत नाही एवढेच सत्य नसून, इतरांनाही स्वमग्न व्यक्तीचे मन उमगत नाही, असे मिल्टन यांचे म्हणणे आहे. कॅथरिन क्रॉम्प्टन व सहकाऱ्यांच्या २०२० च्या प्रयोगात, केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत माहिती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोहोचली. घसरण झाली ती मिश्र साखळीत. मिशनमधील जोडी ही बहुधा अशी मिश्र साखळी असते.

५. पालकाचे कार्य

या परिस्थितीत पालकाजवळ एक अमोल परंतु अलिखित ठेवा असतो. मुलगा उत्तरे देईनासा झाला आणि बाही ओढू लागला की आता त्याची शक्ती संपत आली, हे आई स्वयंपाकघरातून ओळखते. ती पाहुण्यांचे बोलणे दुसरीकडे वळवते, मुलास खोलीत पाठवते व दार लोटून घेते. हे सर्व इतक्या सवयीने घडते की आपण काही केले असे तिलाही वाटत नाही. आणि आपल्यासाठी काही केले गेले हे मुलासही ठाऊक नसते. घर सुटले की हे ज्ञान घरीच राहते. म्हणून पालकाचे मुख्य कार्य हे की, अठरा वर्षांत साठलेले हे मूक ज्ञान शब्दांत उतरवावे आणि ते शब्द मुलाच्या मालकीचे करावे. बाकीची सर्व तयारी या कार्याच्या शाखा होत.

पहिली शाखा शरीराच्या खुणांची. 'त्रास होतो का?' या प्रश्नास पुष्कळ स्वमग्न तरुण प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, कारण स्वतःच्या भावावस्थेस नाव देणे त्यांतील बऱ्याच जणांना अवघड जाते. अशा वेळी भावनेऐवजी कृती विचारणे अधिक फलदायी असते: जेवण किती गेले, झोप किती वेळा मोडली, किती प्रश्नांना उत्तर द्यावेसे वाटले नाही. संप्रदायाने २०१३ साली मिशनरींसाठी काढलेल्या एका पुस्तिकेत ताणाच्या चार पायऱ्या हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल या रंगांनी दाखविल्या आहेत. ती चौकट उपयुक्त आहे. परंतु 'पिवळा' म्हणजे या मुलाच्या बाबतीत काय, हे घरीच भरून घ्यावे लागते. त्यातून एका पानाचे निवेदन तयार होऊ शकते. 'मी गप्प झालो म्हणजे रागावलो असे नाही. वीस मिनिटे शांत बसू दिल्यास पुन्हा बोलू शकेन', अशा धाटणीची दहा वाक्ये मुलाने स्वतः लिहिलेली असली, तर नव्या सहप्रचारकास ती एखाद्या निदानपत्रापेक्षा अधिक सांगतात.

दुसरी शाखा धर्मभाषेची. पवित्र आत्म्याची प्रेरणा जाणवणे, अंतःकरणात ऊब वाटणे, अशा प्रयोगांनी त्या संप्रदायाची भाषा भरलेली आहे. शब्दशः अर्थ घेणारा तरुण छातीत ऊब शोधतो आणि ती न आढळल्यास आपण अपात्र आहोत असा निष्कर्ष काढतो. तीच गोष्ट काटेकोर आज्ञापालनाच्या उपदेशाची. पाच मिनिटे उशिरा उठल्यामुळे दिवसभराचे कार्य निष्फळ झाले असे इतर मुलगा मानत नाही. हा मानू शकतो. ही रूपके आहेत, आणि तोच अनुभव माणसागणिक निराळ्या रीतीने येतो. एखाद्यास तो स्वच्छ विचाराच्या किंवा स्थिर मनाच्या रूपाने येईल. हे समजावून सांगण्याचे काम उपदेशक क्वचितच करतात. ते घरीच, निघण्यापूर्वी, व्हावे लागते.

तिसरी शाखा सरावाची. चुलतभावासोबत एका खोलीत आठवडाभर राहणे, परक्या घरी जेवणे, नको तो पदार्थ आभार मानून नाकारणे, कपडे धुणे, अनोळखी मार्गाने बसने जाणे, आणि गावातील मिशनरींसोबत काही संध्याकाळी भेटीस जाणे, अशी चढती पायरी ठेवता येते. कॅरल ग्रे यांनी १९९१ पासून प्रचारात आणलेल्या 'सामाजिक कथा' येथे साहाय्यक होतात: येणाऱ्या प्रसंगाचे क्रमवार, शांत वर्णन आगाऊ वाचलेले असले की त्याचा धक्का कमी होतो. या सरावात फसलेल्या प्रसंगास मोठे मोल आहे, कारण मदत कशी मागावी हे फसलेल्या प्रसंगातच शिकता येते. पालक प्रत्येक वेळी मध्ये पडला तर सराव पालकाचाच होतो.

चौथी शाखा निवेदनाची. अर्जात निदान, औषधे व पूर्वीचे ताण यांची खरी नोंद करणे आवश्यक असते. दूरच्या नेमणुकीची संधी जाईल या भीतीने एखादे कुटुंब ती सौम्य करून लिहिण्याच्या मोहात पडू शकते. त्याचा परिणाम असा की मिशन-अध्यक्षास काही ठाऊक नसते, आणि अडचण आली की तीस आळस किंवा अवज्ञा असे नाव मिळते. उलट, सर्वांना सर्व काही सांगण्याचेही बंधन नाही. अध्यक्षास काय, सहप्रचारकास काय आणि स्थानिक मंडळीस काय सांगावयाचे, याचा निर्णय तरुणाचा आहे. पालकाने त्यास तीन निराळी उत्तरे तयार करण्यास साहाय्य करावे, एवढीच अपेक्षा आहे.

निघाल्यानंतरचा संबंध मर्यादित असतो. २०१९ पर्यंत मिशनरीस घरी दूरध्वनी करण्याची मुभा वर्षातून दोनदा, नाताळास व मातृदिनास, असे. एरवी पत्र किंवा ई-मेल. त्या वर्षाच्या फेब्रुवारीपासून आठवड्यातून एकदा, तयारीच्या दिवशी, बोलण्याची परवानगी मिळाली. स्वमग्न तरुणाच्या पालकास हा बदल मोठा आहे. तथापि सहा दिवस उरतातच, आणि त्या सहा दिवसांचा आधार वरील चार शाखांतूनच यावा लागतो.

६. कोणाची इच्छा?

या सर्व तयारीच्या मुळाशी एक प्रश्न आहे आणि तो टाळता येत नाही. मिशनवर जाण्याची इच्छा मुलाची आहे की घराची? नियमनिष्ठ मुलगा 'प्रत्येक तरुणाने जावे' हे वाक्य ऐकतो आणि त्यास अपवाद असू शकतो हे त्याच्या ध्यानात येत नाही. १९७४ साली संप्रदायाचे तत्कालीन अध्यक्ष स्पेन्सर किंबॉल यांनी असे सर्वव्यापी आवाहन केले होते. २००२ साली रसेल बॅलर्ड यांनी पात्रतेची पातळी उंचावल्याचे जाहीर केले. पुढे ज्यांची शारीरिक, मानसिक वा भावनिक स्थिती अनुकूल नाही अशांना सन्मानपूर्वक मोकळे करण्याची भाषा रूढ झाली. तो सन्मान शब्दांत होता. घरी राहिलेल्या मुलाच्या वाट्यास निरोपाचे भाषण येत नव्हते.

जानेवारी २०१९ पासून अमलात आलेल्या व्यवस्थेने तिसरी वाट उघडली. सर्व उमेदवारांना एकच अर्ज, आणि त्यातून अध्यापन-मिशन किंवा सेवा-मिशन यांपैकी एकाची नेमणूक. सेवा-मिशनरी घरीच राहून अन्नवाटप केंद्रे, धर्मादाय संस्था, वंशावळ-संशोधन अशा ठिकाणी काम करतो; त्याची नेमणूकही मुख्यालयातूनच येते व नामपट्टिका त्याच्याही छातीवर असते. ठरावीक जागा, ओळखीचे लोक, रात्री स्वतःची खोली. स्वमग्न तरुणास ज्या गोष्टी हव्यात त्यांपैकी बऱ्याच येथे आहेत. तरीही या वाटेस दुय्यम समजणारी नजर लोकाचारात टिकून आहे, आणि ती बदलण्यास नियम पुरेसा पडत नाही. येथे पालकाचे वागणे निर्णायक ठरते. दूरदेशीच्या नेमणुकीची बातमी ज्या स्वरात सांगितली असती त्याच स्वरात त्याने ही सांगितली, तर मुलास आपले मोल कळते. स्वरातील फरक मुलगा टिपणार नाही अशी समजूत करून घेणे धोक्याचे आहे. अशी मुले स्वर चुकीचा लावतील, पण त्यातील निराशा त्यांना बहुधा ऐकू येते.

मुदतीपूर्वी परत येणाऱ्यांविषयीही हेच म्हणता येईल. यूटा व्हॅली विद्यापीठातील समाजकार्याच्या अभ्यासक क्रिस्टीन डोटी-येल्स यांच्या पाहणीत, लवकर परतलेल्यांपैकी बहुसंख्यांनी अपयशाची भावना व्यक्त केली. म्हणून परत येण्याची वाट निघण्यापूर्वीच बोलून ठेवणे इष्ट होय. कोणत्या खुणा दिसल्यास परतावे, परतल्यावर पहिला महिना कसा जाईल, सेवा-मिशनमध्ये पुन्हा नेमणूक मागता येते का, हे मुलास आगाऊ ठाऊक असले म्हणजे परतणे हे आराखड्यातीलच एक पाऊल ठरते.

७. अभ्यासकांपुढील प्रश्न

प्रस्तुत विषय एका संप्रदायापुरता दिसला, तरी त्यातील पेच व्यापक आहे. भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्न व्यक्तीस अठरा वर्षांनंतरही पालक नेमण्याची तरतूद केली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने निर्णयाच्या स्वातंत्र्यावर भर दिला. संरक्षण व स्वातंत्र्य यांतील हाच ताण येथील घरांतही आहे. प्रौढ होणाऱ्या स्वमग्न मुलाविषयीचे पालकांचे ज्ञान कोणत्या रूपात साठलेले असते. ते संस्थेकडे सुपूर्द होते की मुलाकडे. आणि संस्थेने नियम सैल केले असता त्याचा भार कोणावर पडतो, हे तीन प्रश्न क्षेत्रीय अभ्यासास योग्य आहेत. वसतिगृह, लष्करी सेवा, आश्रम, परगावची नोकरी अशा कोणत्याही संस्थेत ते विचारता येतील.

यूटामधील उदाहरणावरून एवढे निश्चित दिसते की पालकाने किती दूरवर साथ दिली, यापेक्षा त्याने कोणते शब्द मुलाच्या हाती दिले, याचे महत्त्व अधिक आहे. स्वतःला काय हवे, काय सोसत नाही आणि मदत कोणाकडे मागावी, हे ज्यास स्वतःच्या तोंडाने सांगता येते तो तरुण परदेशातील खोलीत असो वा गावातील अन्नकेंद्रात, सेवेस तयार आहे. ज्यास ते अद्याप सांगता येत नाही, त्यास आणखी वर्षभर घरी ठेवून ते शिकविणे हीही तयारीच होय. किमान वय अठरा असले, तरी त्याच वर्षी निघावे असे बंधन नाही.